खारा वारा आणि खिशातला चाकू : एकाच चाकूच्या दोन आवृत्त्या

मुरब्यात येऊन चाकूवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. इथे घरोघरी रोज मासळी कापली जाते, तेव्हा धार कशाला म्हणतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आजचा विषय आहे खिशात ठेवायचा, घडीचा, महागडा चाकू. असा चाकू एकाच नावाने दोन पोलादांत मिळतो, आणि घेणारा तिथेच अडतो.

उदाहरण घेऊया. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गोल्डन नावाचं गाव आहे, तिथली स्पायडरको ही कंपनी. तिचा ‘पॅरा मिलिटरी 2’ हा चाकू प्रसिद्ध आहे. पातं साधारण साडेतीन इंचांचं, पात्यात गोल भोक, त्यात अंगठा घालून एका हाताने उघडायचा. याची नेहमीची आवृत्ती ‘एस45व्हीएन’ या पोलादात येते. दुसरी ‘सॉल्ट’ आवृत्ती, म्हणजे खास खाऱ्या पाण्यासाठी काढलेली, ‘मॅग्नाकट’ पोलादात येते. किंमत दोन्हींची पाच आकडी. मग फरक कशाचा?

आता जरा धातूकडे वळू. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अगदी पातळ थर तयार करतं. तो थर टिकला तर पोलाद टिकतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, आणि मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. तिथे बारीक खड्डा पडतो आणि गंज आत शिरतो.

आता गंमत बघा. एस45व्हीएनमध्ये क्रोमियम सुमारे 16 टक्के, मॅग्नाकटमध्ये 11 टक्क्यांच्याही थोडं खाली. तरीही खाऱ्या पाण्यात मॅग्नाकट जास्त टिकतं! असं कसं?

होडीचंच उदाहरण देतो. एका होडीवर सोळा खलाशी आहेत, पण त्यातले बरेचसे खाली झोपलेत. दुसरीवर अकराच, पण सगळे जाळं ओढायला उभे. काम कुठे होईल? पोलादात कार्बन असतो, तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण बनवतो. कणात अडकलेलं क्रोमियम संरक्षक थर बनवायला मोकळं राहत नाही. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने मॅग्नाकटची रचनाच अशी केली की कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे व्हावेत, आणि क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहावं. हे पोलाद 2021 साली बाजारात आलं. तेव्हा डब्यावरची टक्केवारी वाचून निर्णय घेऊ नका, एवढं यातून लक्षात ठेवा.

सॉल्ट आवृत्तीत पात्याशिवायचे भागही मिठाला तोंड देतील असे निवडलेले किंवा तशी प्रक्रिया केलेले असतात. हे महत्त्वाचं, कारण घडीच्या चाकूत गंज आधी दिसतो तो बिजागरीपाशी आणि स्क्रूंवर, जिथे ओल अडकून बसते.

धारेचं काय? धार टिकण्यात या दोघांत रोजच्या वापरात मोठा फरक जाणवणार नाही. व्हॅनेडियम कार्बाइड फार कठीण असल्यामुळे दोन्हींना साध्या दगडापेक्षा हिऱ्याची कणी असलेली पट्टी लवकर धार लावते. पण एक लक्षात घ्या. धार म्हणजे पोलादाची अतिशय बारीक कड. पात्यावर डाग दिसायच्या आधीच त्या कडेला गंज लागून ती बोथट होऊ शकते.

मग घ्यावा कोणता? बोईसरला कारखान्यात काम करणारा, दिवसभर खोकी उघडणारा, चाकू पुसून ठेवणारा माणूस असेल, तर नेहमीची आवृत्ती पुरे. मुरब्यात, सातपाटीत, खाडीकाठी राहणाऱ्याचं तसं नाही. इथे वाराच खारा. खिशातला घामही खाराच. इथे सॉल्ट आवृत्तीला दिलेले जास्तीचे पैसे कामी येतात.

आणि बोटीवर जाणाऱ्या तांडेलाला, खलाशाला मी काय सांगेन? दोन्ही घेऊ नका. जाळं पाण्यात सुटत असताना दोर पायाला अडकला, तर हातात काही क्षण असतात. ओल्या, तेलकट हाताने घडी उघडत बसायला वेळ नसतो. तिथे न घडीची, म्यानात घट्ट बसणारी, दोरीने कमरेला बांधलेली साधी स्टेनलेस सुरी हवी. नायलॉनचा दोर कापायला दातेरी धार चांगली पकड घेते, मात्र तिला पुन्हा धार लावणं किचकट. पाण्यात पडली तरी दुसरी घेता येईल एवढीच तिची किंमत असावी.

शेवटचं, आणि हे फुकट आहे. चाकू कोणताही असो, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा, बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा. गंजणारच नाही असं पोलाद समजून मीठ तसंच ठेवलं, तर महाग पोलादही एक दिवस डाग दाखवतं.

आता प्रश्न विचारा.