बोन मॅरोचा रिपोर्ट : दोन ओळींवर समाधान मानू नका

रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला की डॉक्टर बोन मॅरो तपासायला सांगतात. बरेच जण त्याला ‘पाठीतलं पाणी काढणं’ समजतात आणि घाबरतात. ही सुई कण्यात जात नाही. जागा बधिर करून कमरेच्या मागच्या हाडातून थोडा मगज ओढतात आणि हाडाचा बारीक तुकडा काढतात. तरी दुखतेच. म्हणून एकदा काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट असा हवा की दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही तो वाचून पुढचे ठरवता येईल.

पण लॅब बदलली की रिपोर्टची तऱ्हा बदलते. यासाठी रक्तविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय मानक परिषदेने २००८ साली नमुना आणि रिपोर्ट कसा असावा, याचे नियम सुचवले.

फरक कुठे पडतो? ‘ब्लास्ट’ म्हणजे कच्च्या पेशी. काही ल्युकेमियांत २० टक्के ही निदानाची मोठी रेषा असते. रिपोर्टात नुसते ‘ब्लास्ट वाढलेले’ लिहिले, तर ते १२ टक्के की ४०, हे डॉक्टरला कसे कळणार? निदान अशा आकड्यावर अवलंबून असेल, तर किमान ५०० पेशी मोजाव्यात, असे हे नियम सांगतात. मात्र आकडा पाहून घरीच निदान करू नका.

रिपोर्ट घेताना एवढे पाहा :

१. नाव, वय, तारीख आणि कोणत्या हाडातून नमुना घेतला ते.
२. नमुना पुरेसा होता का. ‘ड्राय टॅप’ म्हणजे मगज ओढला गेला नाही. तेव्हा हाडाच्या तुकड्याचा रिपोर्ट फार महत्त्वाचा.
३. पेशींचे प्रमाण आकड्यात.
४. फ्लो सायटोमेट्री, क्रोमोसोम तपासणी पाठवली का, आणि तिचा निकाल यायचा आहे का.
५. शेवटी स्पष्ट निष्कर्ष.

तपासणीआधी फॉर्मवर आजाराची माहिती, रक्ताचा ताजा रिपोर्ट आणि चालू औषधे लिहून घ्या. फॉर्म कोरा गेला, तर तपासणारा अंधारात चाचपडतो.

दवाखाना बदलताना स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात; पुष्कळदा दुसऱ्यांदा सुई टळते. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कळले नाही तर पुन्हा विचारा. विचारायला शिक्षण लागत नाही.