हृदयाची नोंद : फोनवर तपासावी की क्लाउडवर?

मनगटावरील घड्याळात किंवा छातीवरील पट्टीत बसवलेले संवेदक नाडीची गती, शरीराची हालचाल व हृदयाचे विद्युत्‌स्पंद अखंड टिपत असतात. या कच्च्या नोंदींचा अर्थ रुग्णाजवळच्या फोनवर लावावा की दूरच्या संगणककेंद्रात, म्हणजेच क्लाउडवर, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. दुर्गम भागातील रुग्णाला धोक्याचा इशारा वेळेवर मिळेल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

एका वाहिनीचा ईसीजी सेकंदाला २५० वेळा मोजला आणि प्रत्येक मापनास २ बाइट लागले, तर दिवसाकाठी सुमारे ४३ मेगाबाइट माहिती जमा होते. शहरात हे प्रमाण नगण्य होय. परंतु लडाख किंवा अरुणाचल प्रदेशातील डोंगराळ वाटांवर जेथे नेटवर्क वारंवार तुटते, तेथे क्लाउडवर विसंबलेला इशारा नेमक्या वेळी अडकून पडू शकतो. शिवाय माहिती सतत पाठवत राहिल्याने फोनची बॅटरीही लवकर उतरते.

ठोके ओळखण्यासाठी मोठ्या संगणकाची गरजही नसते. जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत झेड-८० या आठ बिटांच्या साध्या प्रक्रियकावर चालत असे. प्रमाणित नोंदसंग्रहातील ९९.३ टक्के ठोके तिने अचूक ओळखले. आजचा स्वस्तातील स्मार्टफोन त्याहून कितीतरी पटींनी समर्थ आहे. अडचण निराळीच आहे : बॅटरी वाचवण्यासाठी फोनची प्रणाली पार्श्वभूमीतील अ‍ॅप परस्पर बंद करते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा अ‍ॅपची चाचणी घेताना ही बाब प्रथम तपासली पाहिजे.

क्लाउडचे स्थान वेगळे आहे. अनेक महिन्यांच्या नोंदींची तुलना, हजारो रुग्णांच्या माहितीवरून संगणकीय प्रारूपे घडवणे, दूरच्या तज्ज्ञास आलेख दाखवणे ही कामे तेथेच सुकर होतात. फोन हरवल्यास नोंदीही तेथेच सुरक्षित राहतात. मात्र सर्वच माहिती तेथे धाडणे इष्ट नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार दिलेली संमती सांगितलेल्या उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित असते. ठोक्यांत अनियमितता आढळताच तिच्या आगेमागेचा एक मिनिटाचा आलेख पाठवायचा झाल्यास अवघे ३० किलोबाइट पुरतात. नेटवर्क नसेल तर तो फोनमध्ये राखून ठेवता येतो. रुग्णाला इशारा मात्र तत्क्षणी मिळालेला असतो.