मांसाची प्रत प्रकाश कशी सांगतो?

मांस घेताना गिऱ्हाईक आधी रंग बघते. लाल असले तर ताजे, तपकिरी असले तर शिळे, असा आपला हिशेब. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. नुकताच कापलेला भाग जांभळट दिसतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की अर्ध्याएक तासात तो लालबुंद होतो, आणि मायोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की तपकिरी. म्हणजे रंगावरून मुख्यतः लोहाची अवस्था कळते. मांस नासले आहे की नाही, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. आत पाणी व चरबी किती, हे तर मुळीच नाही.

अमेरिकेत गोमांसाची प्रतवारी करणारे तपासनीस बाराव्या व तेराव्या बरगडीमधला छेद पाहतात. तेथील स्नायूत संगमरवरातल्या रेघांसारखी चरबी किती पसरली आहे, यावर प्रत ठरते. जनावराचे वयही विचारात घेतात. पण डोळा थकतो, आणि दोन तपासनिसांचे नेहमी जुळेलच असे नाही.

येथे अवरक्त प्रकाश उपयोगी पडतो. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. चरबीतील कार्बन-हायड्रोजन बंध १२०० आणि १७३० च्या आसपासचा. मांसावर प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजला की काम झाले, असे वाटेल. अडचण अशी की हे पट्टे रुंद असतात, एकमेकांवर चढतात, आणि स्नायूंचे तंतू प्रकाश विखुरतात ते वेगळेच. एकाच तरंगलांबीवर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकी कृषी खात्यातील कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातील ओलावा मोजताना अनेक तरंगलांबींची मापे एकत्र वापरण्याची वाट दाखवली. आज संगणक शेकडो तरंगलांबी घेऊन तेच करतो.

त्याला शिकवावे मात्र लागते. प्रत्येक तुकड्याचा वर्णपट घ्यायचा, त्याच तुकड्यातील चरबी ईथरने काढून तोलायची, आणि दोन्ही आकडे संगणकाला द्यायचे. कोणत्या तरंगलांबीला किती वजन द्यायचे हे तो शोधतो. ईथरचा प्रयोग ढिसाळ झाला, तर संगणक तो ढिसाळपणाही शिकतो.

यात एक चूक फार सहज होते. आमच्याकडूनही झाली आहे. एकाच जनावराच्या स्नायूचे दहा तुकडे केले, सात शिकवायला वापरले, तीन परीक्षेला ठेवले. निकाल झकास! पण वर्गात सोडवून दाखवलेले गणित आकडे किंचित बदलून पेपरात घालावे, तसा हा प्रकार. परीक्षेला कधीच न पाहिलेली जनावरे ठेवली तेव्हा गुण घसरले. म्हणून ‘अचूकता ९८ टक्के’ असे वाचले की आम्ही आधी विचारतो, जनावरे किती होती?

अशा कडक परीक्षेतही पाणी व चरबी बरीच टिकतात, कारण त्यांची खूण थेट वर्णपटात असते. मऊपणाचे तसे नाही. तो संयोजी ऊतींवर, थंड करताना तंतू किती आखडले यावर, मांस किती दिवस मुरवले यावर अवलंबून असतो. त्यामुळे शिजवलेल्या तुकड्यातून पाते आरपार जायला किती बल लागते, हे मोजण्याची जुनी रीत प्रयोगशाळांत अजून चालूच आहे.