उसाच्या मळीपासून मोटारीच्या टाकीपर्यंत

विरार फाट्यापाशी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उभे राहिले, तर मोटारींची रीघ लागलेली दिसते. तीत कोऱ्या करकरीत मोटारी असतात, तशाच पंधरा-वीस वर्षे इमानाने सेवा केलेल्या जुन्याही असतात. पेट्रोल पंपावर मात्र या साऱ्यांना बहुधा एकच इंधन मिळते. ते निव्वळ पेट्रोल नसते. त्याच्या शंभर भागांत सुमारे वीस भाग इथेनॉल असते. हे इथेनॉल कोठून येते आणि जुन्या मोटारीला ते मानवते काय, याचा आपण विचार करू.

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले, की मागे काळसर, दाट मळी उरते. तिच्यात अजूनही पुष्कळ साखर असते. या मळीत पाणी मिसळून यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव सोडतात. ते साखर खातात आणि तिचा मद्यार्क करतात. हे आंबवण तापवले, की मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधीच, उकळू लागतो. त्याची वाफ थंड करतात आणि उरलेसुरले पाणी काढून टाकतात. उसाचा रस, मका व तुटका तांदूळ यांपासूनही इथेनॉल करता येते.

ही कल्पना आजची नव्हे. १९४८ सालीच आपल्या देशात मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्यासंबंधी कायदा झाला होता. पुढे १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्रात अशा कारखान्यांची परंपरा वाढली. २००१ साली इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रयोग झाले, त्यांत आपल्या राज्यातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. हे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले.

यात देशाचा लाभ आहे. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. इथेनॉल मात्र आपल्याच शेतात पिकते आणि त्याचा काही पैसा शेतकऱ्याच्या हाती पडतो. त्यात प्राणवायूचा अंश असल्यामुळे इंधन अधिक पूर्णपणे जळते व विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू कमी निर्माण होतो.

परंतु इथेनॉल म्हणजे पेट्रोल नव्हे. एक लिटर इथेनॉल जळून जी उष्णता मिळते, ती एक लिटर पेट्रोलच्या उष्णतेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. आता हिशेब करून पाहा. शंभर लिटर मिश्रणातील वीस लिटर इथेनॉल जेमतेम तेरा लिटर पेट्रोलचे काम करते. म्हणजे शंभर लिटरमागे त्र्याण्णव लिटरांइतकेच काम झाले. पूर्वी लिटरमागे पंधरा किलोमीटर जाणारी जुनी मोटार आता सुमारे चौदा किलोमीटर जाईल.

दुसरी अडचण हवेची. वजनाने एक भाग पेट्रोल जळण्यास सुमारे पंधरा भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच भाग पुरतात. नव्या मोटारीतील विद्युत्-यंत्रणा धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे माप आपोआप बदलते. पूर्वी कुर्ल्याला तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीत हे काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्या छिद्राचे माप पेट्रोलसाठी ठरलेले असते. त्यामुळे इंधन कमी आणि हवा जास्त होऊन इंजिन अडखळते.

तिसरी अडचण वसईकरांना सहज समजेल. पावसाळ्यात बरणीतले मीठ कसे पाझरते, हे आपण पाहतो. इथेनॉलही मिठाप्रमाणेच हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी थोडे असेल तोवर ते मिश्रणात सामावते. ते फार वाढले, की पाणी व मद्यार्क एक होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळाकडूनच इंधन ओढते, म्हणून मोटार बंद पडते. या ओलाव्याने धातूही गंजतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमुळे फुगतात वा तडकतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सुटून गाळणीत अडकतो.

यावर उपाय आहेत. जाणता कारागीर रबरी नळ्या व वॉशर बदलतो, गाळणी नवी बसवतो आणि कार्ब्युरेटरचे माप जुळवतो. पावसाळ्यात मोटार फार दिवस उभी ठेवायची असल्यास टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींचे भाग या मिश्रणास टिकतील असेच केलेले असतात. जुन्या मोटारीच्या धन्याला मात्र दुरुस्तीचा खर्च स्वतःच करावा लागतो. ज्याचे घर त्या एका मोटारीच्या भाड्यावर चालते, त्याला हा खर्च लहान नसतो.

ब्राझील देशाने १९७५ साली असाच मार्ग धरला. तेथे २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या. पंपावर कोणते इंधन घ्यावे, हे तेथे मोटारीचा धनी भाव पाहून ठरवतो.

आणखी एक हिशेब विसरून चालणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या राज्यात अनेक गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेथे हा आकडा फार मोठा आहे. म्हणून इंधनात इथेनॉल मिसळताना देशाची बचत पाहावी, शेतातले पाणी पाहावे आणि जुन्या मोटारीवर पोट भरणाऱ्याची सोयही पाहावी. तिन्ही गोष्टी सांभाळल्या, तरच हे इंधन खरोखर स्वस्त पडले असे म्हणता येईल.