हुतात्म्याची आठवण आणि खचलेली पोरे: सात गैरसमज

ग्रुप कॅप्टन वरुण सिंह यांच्यावर 17 डिसेंबर 2021 रोजी भोपाळच्या बैरागढमध्ये लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. 8 डिसेंबरला कुन्नूरजवळ कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण होते. त्यांतले वरुण सिंह एकटेच वाचले, पण आठवडाभराच्या झुंजीनंतर 15 तारखेला बंगळुरूत तेही गेले. आईवडील भोपाळला राहणारे, म्हणून या शहराने त्यांना आपले मानले.

अपघातानंतर त्यांचे एक पत्र देशभर वाचले गेले. शौर्यचक्र जाहीर झाल्यावर, 18 सप्टेंबर 2021 ला, त्यांनी ते चंडीमंदिरच्या आपल्या शाळेच्या प्राचार्यांना लिहिले होते. पत्राचा विषय आत्महत्या हा नव्हता. पण मार्क कमी पडले की स्वतःला निकामी ठरवणाऱ्या मुलांना उद्देशूनच ते लिहिलेले आहे. पुण्यतिथीला हार घालून घरी परतण्याऐवजी आपल्या वस्तीतल्या खचलेल्या पोरांपाशी बसायचे ठरवले, तर ते त्यांचेच काम पुढे नेणे होईल. मात्र त्याआड काही समज येतात. ते आधी दूर केलेले बरे.

गैरसमज 1: ‘अभ्यास नाही केला तरी चालेल’ असे हे पत्र सांगते.

वस्तुस्थिती: पत्रात दोन गोष्टी आहेत. शाळेत सामान्य असणे हा काही गुन्हा नाही आणि शाळेतल्या मार्कांवरून पुढचे आयुष्य मोजता येत नाही, ही पहिली. मन रमेल ते काम शोधा आणि त्यात कसूर ठेवू नका, ही दुसरी. लिहिणारा माणूस कोण होता, हेही पाहा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी त्यांच्या तेजस विमानात उंचावर बिघाड झाला आणि विमानावरचा ताबा सुटला. उडी मारून जीव वाचवायची मुभा असताना त्यांनी विमान सावरून खाली उतरवले. अशा माणसाने आपण अभ्यासात आणि खेळात बेताचेच होतो, आत्मविश्वासही कमी होता, असे मोकळेपणाने लिहिले.

गैरसमज 2: खंबीर माणसाच्या मनात आत्महत्येचे विचार येत नाहीत, मदत मागतो तो कमकुवत.

वस्तुस्थिती: तसे असते, तर लष्कराला वेगळी सोय करावी लागली नसती. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानस या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा खास कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. देशभरातल्या आत्महत्यांत पुरुषांचे प्रमाण 70 टक्क्यांहून जास्त आहे. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ हे ऐकत वाढलेली माणसे मदत मागायला उशीर करतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

गैरसमज 3: आत्महत्येबद्दल विचारले की तो विचार डोक्यात भरतो.

वस्तुस्थिती: आजवरच्या अभ्यासांत असे आढळलेले नाही. उलट, कुणीतरी विचारले याने अनेकांना सुटल्यासारखे वाटते. प्रश्न मात्र सरळ हवा. भोपाळच्या एम. पी. नगरमधल्या क्लासला जाणारा शेजारचा मुलगा जेवत नाही, मित्रांना टाळतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो असे दिसले, तर काकांनी त्याला बाजूला घेऊन विचारावे, ‘बाळा, फार त्रास होतोय ना? जीव द्यावा असं मनात येतं का?’ तो ‘हो’ म्हणाला तर दचकू नये, उपदेशही करू नये. ‘बरं झालं सांगितलंस. मी इथेच आहे. आपण मिळून कुणाशी तरी बोलू,’ एवढे पुरते. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये.

गैरसमज 4: जो बोलून दाखवतो तो करत नाही आणि ज्याने ठरवले त्याला कुणी अडवू शकत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. अनेकांनी आधी कुणाकडे तरी सूचक बोलून दाखवलेले असते. आणि ती टोकाची इच्छा बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. अमेरिकेत रिचर्ड सायडन यांनी शेवटच्या क्षणी अडवलेल्या 515 जणांचा पुढे अनेक वर्षे माग घेतला. 1978 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: सुमारे 94 टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. म्हणून अशा वेळी माणसाला एकटे सोडू नये आणि घरातल्या धोकादायक वस्तू त्याच्या हाताशी ठेवू नयेत.

गैरसमज 5: नापास झाला, म्हणून जीव दिला.

वस्तुस्थिती: कारण एकच नसते. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्र पहिला आणि मध्य प्रदेश तिसरा. विद्यार्थी 13,044 होते. सर्व वयोगट मिळून कौटुंबिक समस्यांचा वाटा 31.7 टक्के, आजारपणाचा 18.4 टक्के, परीक्षेतल्या अपयशाचा त्या मानाने अगदी थोडा. निकाल हे बहुतेकदा निमित्त ठरते. एकटेपण, घरातली धुसफूस, उपचार न झालेले नैराश्य आधीपासून साचलेले असते. शिवाय निकाल शेवटचा नसतो. नापास मुलांना पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून मध्य प्रदेशात 2016 साली ‘रुक जाना नहीं’ ही योजना सुरू झाली, हे निकालाच्या दिवशी घरात सांगायला हवे.

गैरसमज 6: आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला दवाखान्यात नेले तर त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल.

वस्तुस्थिती: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. कुणाला आत्महत्येस प्रवृत्त करणे हा अर्थातच आजही गुन्हा आहे. भीतीपोटी उपचार लांबवणे, हाच खरा धोका.

गैरसमज 7: ‘सैनिक देशासाठी मरतो आणि तुम्ही मार्कांसाठी?’ असे सुनावले की मुले ताळ्यावर येतात.

वस्तुस्थिती: श्रद्धांजली सभांत असे वाक्य हमखास टाळ्या मिळवते. पण मागच्या रांगेत बसलेल्या खचलेल्या मुलाला त्यातून एवढेच कळते की आपण भित्रे आहोत, आता तोंड न उघडलेलेच बरे. लाज वाटली की माणूस आणखी मिटतो. त्याच्या उलट टोकाला जाऊन, जीव दिलेल्याचे उदात्तीकरण करणे किंवा पद्धतीचे तपशील चघळणेही घातक. म्हणूनच 2019 मध्ये प्रेस कौन्सिलने वृत्तपत्रांना तशा सूचना दिल्या. वरुण सिंह यांनी आपले शौर्य मुलांना हिणवायला वापरले नाही. आपले साधेपण सांगून त्यांना जवळ घेतले. हुतात्म्याचे नाव घेणाऱ्याने निदान एवढे पथ्य पाळावे.

भोपाळच्या अरेरा हिल्सवर 2016 पासून शौर्य स्मारक आहे, शहरात चौकही आहेत. तिथल्या कार्यक्रमात पाच मिनिटे त्या पत्राच्या वाचनाला द्या. परीक्षेत अडखळून पुढे सावरलेल्या एखाद्याला बोलायला सांगा. गणेशोत्सव मंडळांना तर हे आणखी सोपे: 10 सप्टेंबरचा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन बहुतेक वर्षी त्याच सुमारास येतो. मंडपात, क्लासच्या जिन्यात, सोसायटीच्या फलकावर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक ठळक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि आपल्या भाषेत बोलता येते. काळजीत असलेले नातेवाईक आणि शेजारीही तिथे फोन करून सल्ला घेऊ शकतात. जीव आत्ता धोक्यात असेल, तर 112 लावा.