दुर्बिणीचं ऑपरेशन : पोटात वायू का भरतात?

"दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, ती आतच राहते, बाई फुगते," असं गावात बोललं जातं. खरं काय ते नवरा-बायको दोघांनी समजून घ्या.

वायू कशासाठी? पोटात आतडी, गर्भाशय एकमेकांना खेटून असतात. वायू भरला की पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. मग डॉक्टरांना बीजवाहिन्या स्पष्ट दिसतात आणि आतड्याला इजा न होता त्यांवर रिंग बसवता येते. बेंबीजवळ लहानशी चीर पुरते.

कोणता वायू? कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. साधी हवा तशी विरघळत नाही, म्हणून ती भरायची नसते. काम झालं की वायू सोडून देतात.

मग खांदा का दुखतो? उरलेला थोडा वायू छाती-पोटामधल्या पडद्याला त्रास देतो, कळ खांद्यात येते. दोन-तीन दिवसांत ती थांबते.

मात्र ताप, पोटात वाढती कळ, सारख्या उलट्या, पोट फुगणं, चक्कर यांपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका. ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

हृदयाचा किंवा दम्याचा विकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी हे ऑपरेशन करत नाहीत.

पुरुष नसबंदीत पोटाला हात लावावा लागत नाही, वायूही लागत नाही. दोन्ही उपाय कायमचे आहेत. सक्ती कुणाचीच नाही. दोघांनी मिळून विचार करा, मगच ठरवा.