हिंजवडीचा प्रेक्षक थिएटरला परतला, पण सगळा नाही

मुळशी तालुक्याची कथा मोठ्या पडद्यावर दोनदा आली. २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' लागला, तेव्हा हिंजवडी, माण, मारुंजी या गावांतली पोरं गाड्या काढून घोळक्याने थिएटरला गेली. जमीन विकून पैसा आला, पैसा उडाला आणि मागे राहिलेल्या पोरांच्या हातात कोयता आला, ही गोष्ट इथल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानंतर तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, तीच कथा महेश मांजरेकर यांनी सलमान खानला घेऊन 'अंतिम' या नावाने हिंदीत आणली. या वेळी निम्म्या खुर्च्या सरकारी हुकमाने रिकाम्या होत्या. आणि महिना भरायच्या आतच, २४ डिसेंबरला, चित्रपट झी-फाइव्हवरून घरात आला. 'अंतिम' थिएटरात जाऊन पाहिलेला माणूस आज गावात शोधावा लागतो. मोबाईलवर पाहिलेले मात्र पुष्कळ भेटतात.

तीन वर्षांत एवढा फरक पडला. तो काही एकट्या कोरोनाने पाडलेला नाही, पण कोरोनाने त्याला रेटा दिला हे खरे.

या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना सिनेमा आठवतो तो यात्रा-जत्रांतला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतल्या जत्रांमधून तंबू टॉकीजवाल्यांनी कित्येक वर्षे गावोगाव सिनेमा पोचवला. ट्रकमध्ये यंत्र, रिळांच्या पेट्या, तंबूचे कापड आणि कर्णा. तिकीट काढायचे आणि जमिनीवर बसायचे. पोते नाहीतर घोंगडी घरून न्यायची. रीळ तुटले की अंधारात शिट्ट्यांचा नुसता कल्ला! पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले असे तंबू तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होते. या फिरत्या टॉकीजवाल्यांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये थेट कान महोत्सवात जाऊन आला.

यात्रा नसेल तेव्हा सिनेमा म्हणजे पिंपरी. विशाल किंवा डीलक्स टॉकीज गाठायचे, तर जायला एसटी नाहीतर सायकल आणि परतायला बरेचदा पायच. बायामाणसांना हे जमण्यासारखे नव्हते. त्यांच्या वाट्याला वर्षाकाठी एखादा सिनेमा यायचा, तोही देवाधर्माचा नाहीतर रडवणारा. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला त्या वेळी घरोघरी दूरदर्शन होते, व्हिडिओ भाड्याने मिळत होता. तरीसुद्धा खेड्यापाड्यांतून टेम्पो भरभरून बायका थिएटरला गेल्या. घरात पडदा आला म्हणून बाहेरचा ओस पडतो असे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

पुढे गावच बदलले. हिंजवडीच्या रानात ठरला होता सहकारी साखर कारखाना. भूमिपूजनाला आलेले शरद पवार यांनी तिथे आयटी पार्क करायचे ठरवले आणि कारखान्याला दुसरी जागा दिली, ही हकिगत त्यांनी स्वतःच जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. कारखाना कासारसाईला गेला, उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि गावकऱ्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या. झायॉन मॉलमध्ये ई-स्क्वेअरचे पडदे आले आणि सिनेमा घरापासून दहा मिनिटांवर येऊन ठेपला. पण तिथे शुक्रवारी-शनिवारी रात्री दिसायची ती बहुतेक भाडेकरू मंडळी, कंपन्यांतली पोरं-पोरी. गावचा माणूस बाहेर पार्किंगमध्ये, रिक्षात नाहीतर वडापावच्या गाडीवर. तिकीट आणि मक्याच्या लाह्या मिळून चौघांचा जो खर्च होतो, तो ऐकून तो म्हणायचा, त्यात आठवड्याचा बाजार होतो की!

मग २०२० चा मार्च आला. राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले. १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आदी शहरांतली चित्रपटगृहे बंद झाली. त्याच दिवशी 'अंग्रेजी मीडियम' प्रदर्शित झाला होता. इरफान खानचा हा शेवटचा चित्रपट पुणेकरांना मोठ्या पडद्यावर पाहायला एक दिवससुद्धा धड मिळाला नाही. सहा एप्रिलला तो हॉटस्टारवर आला. (सिनेमा आणि साथ यांची गाठ आपल्याकडे अगदी पहिल्या वर्षीच पडली आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि त्याच सप्टेंबरात मुंबईत प्लेग निघाला. तेव्हा घरी बसून पाहायला काही नव्हते, एवढाच फरक.)

राज्यातली थिएटरे ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली. पण दाखवायला नवे चित्रपटच नव्हते. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला ती पुन्हा बंद झाली, ती थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. दोन्ही वेळचे मिळून चौदा महिने होतात. चैत्र पौर्णिमेला होणारी म्हातोबाची यात्रा आणि हिंजवडी-वाकडचे बगाडही दोन वर्षे नेहमीसारखे झाले नाही. पहिल्या वर्षी ८ एप्रिलला देशभर टाळेबंदी, दुसऱ्या वर्षी २७ एप्रिलला राज्यात कडक निर्बंध. म्हणजे थिएटर गेले आणि चार माणसांत बसून काही बघायची दुसरी जागाही गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आयटी कंपन्यांनी 'घरून काम' सुरू केले आणि भाडेकरू लॅपटॉप काखोटीला मारून विदर्भ, मराठवाड्यापासून पार आंध्र, बिहारपर्यंत आपापल्या गावी गेले. खोल्यांना कुलपे लागली, खाणावळी बसल्या. ज्या प्रेक्षकाच्या भरवशावर इथले मल्टिप्लेक्स उभे होते, तो प्रेक्षकच गावात राहिला नाही. तो गावी बसून पाहत होता, त्याला थिएटरची उणीव भासली असेल-नसेल. पण त्याच्या शनिवार रात्रीवर पोट असलेले रिक्षावाले, रखवालदार, गाडीवाले इथेच होते. भाडे बुडाल्याचे हिशेब गावात आजही तोंडपाठ आहेत. थिएटरच्या दारातल्या धंद्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

घराघरांत काय घडत होते? स्वस्त डेटा २०१६ पासूनच होता, पण तो बहुतेक तरण्या पोरांच्या फोनमध्ये. जून २०२० पासून शाळा मोबाईलवर भरू लागली आणि ज्या घरात एक फोन होता तिथे दोन झाले. सकाळी त्याच्यावर गणित, दुपारी सिनेमा. १२ जून २०२० ला अमिताभ बच्चन यांचा 'गुलाबो सिताबो' थिएटरला वगळून थेट प्राइमवर आला, तेव्हा मोठ्या नटाचा सिनेमा असाही येऊ शकतो हे लोकांना कळले. एकाने वर्गणी भरायची, पासवर्ड भावकीत फिरवायचा, असा सहकार सुरू झाला. सहकाराची परंपराच आपली! पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या मागच्या खोऱ्यात मात्र हे सुख नव्हते. जिथे शाळेच्या तासासाठी पोरांना टेकडी चढून रेंज शोधावी लागे, तिथे तीन तासांचा सिनेमा कसा बघणार?

मराठी चित्रपटही घरी आले. 'पिकासो' मार्च २०२१ मध्ये प्राइमवर, चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर. 'द डिसायपल'ला व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. ऑगस्टअखेरीस 'प्लॅनेट मराठी' हा खास मराठीचा मंचही सुरू झाला. चित्रपट चांगले होते, पण खेड्यात त्यांची चर्चा झाली असे म्हणवत नाही. ज्याच्या हातात फोन, त्याची निवड. आणि फोन होता पोरांच्या हातात, त्यांनी दक्षिणेतले हिंदीत बोलणारे चित्रपट पाहिले. आई, आजी, काकी यांच्या वाट्याला पुन्हा दूरदर्शनवरचे जुने 'रामायण'. मार्च २०२०च्या अखेरीस ते पुन्हा लागले, तेवढे मात्र सगळ्या घराने एकत्र बसून पाहिले.

म्हणूनच थिएटरे उघडल्यावर आधी कोण परतले, हे बघण्यासारखे आहे. १९ नोव्हेंबर २०२१ ला हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' लागला. निम्म्या खुर्च्या, दारात लसीच्या प्रमाणपत्राची तपासणी, आणि सिनेमा काय, तर सहलीला निघालेल्या बायकांचा. जाणकारांनी नाके मुरडली असती. पण बायका आल्या, भिशीचे गट करून आल्या, आणि चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला. पोरं परतली ती डिसेंबरात 'पुष्पा'साठी. १८ फेब्रुवारी २०२२ ला दिग्पाल लांजेकर यांचा 'पावनखिंड' आला, तेव्हा अख्खी घरे निघाली, धाकट्या पोरांच्या कपाळाला चंद्रकोर लावून. ४ मार्चपासून पुण्यासह चौदा जिल्ह्यांत पूर्ण क्षमतेची परवानगी मिळाली. 'पावनखिंड' त्याच महिन्यात प्राइमवरही आला. घरी येणार हे माहीत असूनही लोक गेले होते, कारण हर हर महादेवचा गजर घरी एकट्याने करता येत नाही.

एकट्याने बघायचा सिनेमा मात्र घरीच राहिला. दोन-तीन पात्रांची शांत गोष्ट, नव्या दिग्दर्शकाचा पहिला प्रयत्न, यांना आता लोक सरळ म्हणतात, येईल की महिन्याभरात मोबाईलवर. कोरोनात थिएटर आणि घर यांच्यातले अंतर चार आठवड्यांवर आले होते. ऑगस्ट २०२२ पासून हिंदीसाठी ते पुन्हा आठ आठवडे झाले, पण वाट बघायची लागलेली सवय काही सुटली नाही. हिंदीवाल्याला यात फारसा तोटा नाही, मंचवाले त्याला पैसे मोजतात. मराठी निर्मात्याच्या दारात असे गिऱ्हाईक क्वचित येते. त्याची वसुली खिडकीवरच, आणि तिथे त्याला पहिल्या आठवड्यात सकाळी नाहीतर भर दुपारी एखादा खेळ मिळतो. तो रिकामा गेला की दुसरा आठवडा नाही.

किमतीचे काय, तेही एकदा दिसून गेले. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्सांनी ७५ रुपयांत तिकीट दिले. त्या एका दिवसात ६५ लाख लोक आल्याचे मल्टिप्लेक्स संघटनेने सांगितले. म्हणजे लोकांना घराची सवय लागली ही अर्धीच गोष्ट झाली. तिकीट परवडले तर घर सोडणारे भरपूर आहेत, आणि त्यात पार्किंगमध्ये उभा राहणारा गावचा माणूसही आला.

पुढच्या वर्षी, ३० जून २०२३ ला, केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला आणि पुन्हा तेच. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौरीचे खेळ. राज्यभर बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात आल्या आणि पडद्यापुढे फुगड्या घातल्या. हिंजवडी परिसरातल्या बायकांना त्यासाठी पिंपरी गाठायची गरज उरली नव्हती. अडचण होती ती वेळेची. दुपारी बाराचा खेळ धरावा तर पोरांचे डबे, धुणीभांडी, सगळे आधी उरकायला हवे. संध्याकाळचा धरावा तर कंपन्या सुटायची वेळ, आणि त्या गर्दीत हिंजवडीचा चौक ओलांडायचा म्हणजे मध्यंतर चुकलेच समजा.